हनोई-होई आनला संध्याकाळी नुसतं बसायला कुठे जावं?

दुपारची_झोप:
डिसेंबरात आम्ही चौघं व्हिएतनामला चाललोय, मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात पण उत्साह आमच्याहून जास्त). हनोईत तीन रात्री, मग होई आनला तीन. दिवसाचं सगळं ठरलंय, अडलंय ते संध्याकाळचं. मागे थायलंडला ग्रुप टूरने गेलो तर रोज साडेसहाला बसमध्ये कोंबून इंडियन जेवायला न्यायचे, तेच पनीर तीच दाल, आणि साडेआठला हॉटेलवर परत, खाली रस्त्यावर सगळी मजा चाललेली आणि आम्ही वर खोलीत केटलवर पाणी तापवतोय. ह्यावेळी तसं नकोय. पब-बिब नको, नवरा एखादी बियर घेईल तेवढंच. निवांत टेकावं आणि माणसं बघावीत, बास. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. शुक्रवारी पोचतोय.

वेळणेश्वरी:
शुक्रवारी पोचताय म्हणजे तुमचं नशीब जोरावर आहे. होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत गाड्यांना बंद असतात, आणि एरवी जिथे रस्ता ओलांडताना रामनाम घ्यावं लागतं तिथे अख्खं हनोई लेकराबाळांसकट फिरायला उतरतं. बायका घोळक्याने नाचतात, म्हातारी जोडपी स्पीकर लावून हातात हात घालून बॉलडान्स करतात, पोरं पायाने शटलकॉकसारखं काहीतरी उडवत असतात. कट्ट्यावर बसायचं, काही करायचं नाही. लेकीला तळ्याकाठच्या थांगलाँग थिएटरात पाण्यातल्या कळसूत्री बाहुल्या दाखवा, जेमतेम तासाभराचा खेळ, बाहुल्या नाचवणारे पडद्यामागे कमरेभर पाण्यात उभे असतात. तिकीट मात्र आधी काढा.

अर्धा_कप:
ता हिएन गल्ली विसरलात की! बिया होई, म्हणजे रोज ताजी बनवलेली बियर, पिंपातून थेट ग्लासात, अगदी हलकी आणि स्वस्त. बालवाडीतल्यासारखी प्लास्टिकची स्टुलं, गुडघे हनुवटीला लागतात.

वेळणेश्वरी:
@अर्धा_कप त्या स्टुलावर ७१ वर्षांच्या बाईंना बसवणार? बसतील हो, उठवणार कोण? आणि ता हिएनला आठनंतर इतका दणदणाट असतो की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. नवऱ्याला साडेपाचला एकट्याला पाठवा, एक ग्लास मारून सातला तळ्यावर हजर.

गवती_चहा:
खाण्याचं सांगते, मी स्वतः शाकाहारी आहे आणि दोन आठवडे राहिलेय. एक शब्द पाठ करा, 'चाय'. तिथे चाय म्हणजे शाकाहारी. आणि चहाला हनोईत म्हणतात 'चा', थेट आपल्या गावाकडच्यासारखं! सासूबाईंनी चाय मागितला तर समोर टोफू येईल 😄 पाटीवर 'चाय' दिसली की बिनधास्त आत शिरा, बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मांसमच्छी टाळतात त्यामुळे अशी हॉटेलं बरीच आहेत. बाकी ठिकाणी नुसतं 'नो मीट' म्हणून भागत नाही, नुओक माम (माशाचा सॉस) सगळ्यात असतो. अंड्याची कॉफी तुम्ही तिघं प्या, १९४६ च्या सुमारास दुधाची टंचाई होती म्हणून मेट्रोपोल हॉटेलातल्या एका बारटेंडरने अंड्याचं पिवळं फेटून घातलं, तीच ही. सासूबाईंना मोठ्या चर्चजवळ लिंबाचा गार चहा घेऊन द्या, सोबत सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया. दाताने फोडायच्या, टरफलं पायाशी टाकायची. माझी आई दीड तास तेच करत बसली होती, उठायलाच तयार नव्हती, पायाशी हा ढीग.

सायकलवाला_बाबू:
होई आनला जुन्या गावात संध्याकाळी मोटारी-स्कूटर नसतात, कंदील लागले की नदीकाठी बसायचं. गर्दी प्रचंड, पण पुलापासून दोनशे पावलं लांब गेलात की शांत. तारीख हातात असेल तर चांद्र महिन्याची चौदावी बघा, म्हणजे साधारण आपली पौर्णिमेच्या आदली चतुर्दशी, त्या रात्री विजेचे दिवे मालवतात आणि नुसते कंदील. पाऊस डिसेंबरातही रेंगाळतो, छत्री ठेवा. स्कूटर भाड्याने घेऊ नका, आपलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट १९४९ च्या आंतरराष्ट्रीय वाहतूक कराराचं, व्हिएतनामवाले १९६८ च्या कराराचं मानतात. शिवाय बियर पिऊन चालवायची तर सोयच नाही, एक घोटही चालत नाही. ग्रॅब (ॲपवरची टॅक्सी) बोलवा.

आणि नोटा उजेडात बघून द्या. २० हजार आणि ५ लाख डाँगच्या (तिथलं चलन) दोन्ही निळ्या. मी कंदिलाच्या रोमँटिक प्रकाशात नारळपाण्याला ५ लाखाची दिली, बाई हसत हसत मागे धावत आली म्हणून वाचलो.

दुपारची_झोप:
सगळ्यांचे खूप आभार! पंचांग काढलं, चतुर्दशीला आम्ही हनोईतच अडकतोय, आता नवरा उलटा क्रम लावता येतो का बघतोय पण मग शुक्रवारचं तळं हुकतं. सासूबाईंना धागा वाचून दाखवला, त्या म्हणाल्या स्टुलाचं मी बघते, तो बॉलडान्स किती वाजता असतो ते विचार.