मदत हवी आहे: विहिरीत दगड टाकून काढलेली खोली सहा मीटरनं जास्त येतेय

नमस्कार मंडळी,
औसा तालुक्यात (जि. लातूर) आमचं शेत आहे. पुतणी नववीला आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं ठरवलंय की विहिरीत दगड सोडायचा, 'डुबुक' ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि त्यावरून पाणी किती खाली गेलंय ते काढायचं. सूत्र पुस्तकातलंच: अंतर = ½ × गुरुत्वत्वरण × वेळेचा वर्ग.

बऱ्याचदा करून पाहिलं. वेळ २.३ सेकंदांच्या आसपास येतो. गुरुत्वत्वरण ९.८ धरलं की खोली निघते जवळपास २६ मीटर. दोर सोडून मोजलं तर कठड्यापासून पाण्यापर्यंत २० मीटरच भरतात. लेकरू हिरमुसलंय, 'काका, सूत्रच खोटंय का' म्हणायलंय.

आवाज वर यायला लागणारा वेळ आपण धरत नाही, त्यामुळं असेल का? पण त्यानं सहा मीटर वाढतील? दगड २०० ग्रॅमचा गोटा आहे, हवेचा अडथळाही धरावा लागतो का?

अजून एक. उन्हाळ्यात विहिरीत ओरडलं की आवाज वेगळा परत ऐकू येतो. पावसाळ्यात पाणी वर आलं की नुसतंच घुमतं. हेही तिला प्रदर्शनात सांगायचंय. तिला समजेल असं कुणी सांगाल का?

प्रतिसाद १
दादा, सूत्र पक्कं आहे, पुतणीला आधी तेवढं सांगा. आता हिशोब उलटा करू. २० मीटर पडायला दगडाला २.०२ सेकंद लागतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे वर यायला ०.०६ सेकंद. 'डुबुक' कानावर पडायला हवं २.०८ सेकंदांनी. हा आकडा सूत्रात घातला तर २१.२ मीटर येतात. म्हणजे तुमची शंका रास्त आहे, पण आवाजाच्या वाट्याला सव्वा मीटरच येतो.

हवेचा अडथळा एवढ्या गोट्याला, एवढ्या उंचीवरून, अर्ध्या मीटरच्या आतच फरक पाडतो. तो सोडून द्या.

मग ०.२२ सेकंद उरतात. दगड सोडणारी आणि वेळ मोजणारी एकच व्यक्ती आहे का?

धागाकर्ता
हो सर. एका हातानं दगड सोडते, दुसऱ्या हातानं मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करते.

प्रतिसाद १
मग सापडलं. दगड सोडताना दोन्ही हात तिच्याच मनानं एकदम हलतात, तिथं उशीर होत नाही. शेवटी मात्र आवाज कानावर पडून बोट दाबेपर्यंत माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. उशीर एकाच टोकाला होतो, म्हणून वेळ दरवेळी जास्तच येतो. आणि सूत्रात वेळेचा वर्ग आहे! दोन सेकंदांच्या आसपास ०.१ सेकंद इकडंतिकडं झाला की खोलीत दोन मीटरचा फरक पडतो. प्रदर्शनात हाच भाग ठळक मांडायला सांगा, मला तो खोलीच्या उत्तरापेक्षा मोलाचा वाटतो.

उपाय सोपा आहे. कठड्याजवळ मोबाइल ठेवून हात दिसेल असा व्हिडिओ घ्या. सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे चूक ०.०३ सेकंदांवर येते. हात सुटला ते चित्र आणि 'डुबुक' आलं ती जागा, यांतला वेळ घ्या. त्यावरून खोली काढा, तिला ३४० नं भागा, आलेले सेकंद मूळ वेळेतून वजा करा आणि पुन्हा खोली काढा. एका फेरीत काम होतं. आणि कृपा करून लेकराला कठड्यावर वाकू देऊ नका, दगड मोठ्या माणसानं सोडावा.

प्रतिसाद २
आवाजाचं मी सांगते. ऐकलेला आवाज आपल्या मेंदूत साधारण ०.१ सेकंद टिकतो. परत येणारा आवाज त्याआधी पोचला तर तो पहिल्यात मिसळतो. ०.१ सेकंदात आवाज ३४ मीटर जातो, जाऊन-येऊन धरला तर १७ मीटर. तुमचं पाणी २० मीटरवर आहे, आवाज ०.११८ सेकंदांनी परततो, म्हणून प्रतिध्वनी वेगळा कळतो. पावसाळ्यात पाणी ८ मीटरवर आलं तर तोच ०.०४७ सेकंदांत परततो, बांधीव भिंतींवरून आपटलेले आवाजही त्यात मिसळतात. ते घुमणं म्हणजे निनाद. प्रदर्शनात दाखवायला शब्द नको, टाळी रेकॉर्ड करा. शब्द लांबतो, त्याची शेपटी प्रतिध्वनीवर चढते.

धागाकर्ता
सर, ताई, लई उपकार झाले. आज व्हिडिओवरून २.१ सेकंद आले. आवाजाचा वेळ वजा करून २०.३ मीटर! पोरगी वहीत तक्ता आखत बसलीय. तिचा एक प्रश्न: आमच्याकडं सध्या ४० अंश तापमान आहे, मग ३४० धरणं बरोबर आहे का?

प्रतिसाद १
फार चांगला प्रश्न आहे. शून्य अंशाला वेग सुमारे ३३१, पुढं प्रत्येक अंशाला ०.६ वाढतो. ४० अंशांना तो ३५५ होतो. पण २० मीटरवर त्यानं फरक पडतो तीन हजारांश सेकंदाचा, आणि तुमच्या व्हिडिओचं एक चित्रच तेहतीस हजारांश सेकंदाचं आहे. शिवाय विहिरीतली हवा वरच्यापेक्षा थंड असते. ३४० च राहू द्या, पण हे गणित वहीत लिहून ठेवायला सांगा. परीक्षक विचारतीलच.