किशोर कादंबरीची नायिका ओसीडीची रुग्ण आहे. आजार आणि उपचार कसे लिहावेत?

मांजराकाठ:
नमस्कार. तेरा ते सतरा वयाच्या वाचकांसाठी कादंबरी लिहितोय. नायिका ऋतुजा, वय सोळा, औसा तालुक्यातल्या खेड्यातली. अकरावी सायन्स आणि नीटच्या तयारीसाठी लातूरला होस्टेलवर राहते. तिला मंत्रचळ, म्हणजे ओसीडी आहे. सध्याच्या खर्ड्यात ती सारखी हात धुते, मैत्रिणी हसतात, एक प्रेमळ सर तिला डॉक्टरकडे नेतात आणि पुढच्या प्रकरणात ती बरी होते. वाचताना हे खोटं वाटतं. आजार आतून कसा दाखवावा? उपचाराला खरोखर किती वेळ लागतो? आणि तिला दवाखान्यात भरती करण्याचा प्रसंग आहे, तो ठेवावा का?

निळी फाईल:
हात धुणं हा बाहेरून दिसणारा शेवटचा तुकडा आहे. त्याआधी नको असलेला विचार आपणहून डोक्यात घुसतो: "नळाच्या चावीला कुणाचं रक्त लागलं असेल." मग छातीत धडधड, पोटात गोळा. मग कृती: धुणं, मोजणं, पुन्हा बघणं, किंवा "नाही ना गं लागलं?" असं विचारत राहणं. कृती केली की थोडा वेळ हायसं वाटतं, आणि त्यातूनच मेंदू शिकतो की धोका खरा होता, धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी धुणं वाढतं. हे पटण्यासारखं नाही हे ऋतुजाला बहुतेक वेळा कळत असतं, तरी थांबता येत नाही. ही यातना पानावर आली नाही तर ती नुसती विक्षिप्त मुलगी दिसेल.

फक्त धुण्यावर थांबू नका. नीटला 180 प्रश्न आणि 180 मिनिटं. ओएमआरवर, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर, बॉलपेननं भरलेला गोल खोडता येत नाही. तपासण्याची सक्ती असलेली मुलगी प्रत्येक गोल बरोबर नंबरसमोरच भरलाय का हे पुन्हा पुन्हा बघते, आणि उत्तरं येत असूनही शेवटची पानं कोरी राहतात. टेस्ट सिरीजमध्ये मार्क घसरतात, क्लासवाले म्हणतात स्पीड वाढव. तुमच्या कथेसाठी हा प्रसंग हात धुण्यापेक्षा मोलाचा आहे.

आणखी एक प्रकार कथांमध्ये फार कमी येतो. देवघरासमोर मनात शिवी येणं, धाकट्या भावाला विळीनं इजा करीन का असा विचार येणं. हे विचार तिच्या स्वभावाच्या नेमके उलट असतात, म्हणून तर ती घाबरते, विळी लपवते, भावाला जवळ घेत नाही. कथेला वळण हवं म्हणून तिच्या हातून खरंच इजा घडवलीत तर ती वैद्यकीय चूक होईल. आणि असेच विचार येणारी वाचक मुलगी कायमची गप्प बसेल.

आता वेळ. सर्ट्रालिन ही ओसीडीवर नेहमी दिली जाणारी गोळी साधारण 25 किंवा 50 मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, कमाल 200. सुरुवातीला मळमळ, पातळ संडास, झोप बिघडणं. गुण दिसायला पुरेशा डोसवर 8 ते 12 आठवडे लागतात. दिवाळीला गोळी सुरू झाली तर जरा हलकं वाटेपर्यंत संक्रांत होऊन जाते. त्या काळात त्रास दिसतो, फायदा दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच घरचे गोळी बंद करतात. अचानक बंद केली की चक्कर, मुंग्या, चिडचिड होते, मग घरात ठरतं की गोळीची सवय लागली. ही व्यसन लावणारी गोळी नाही. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागते. या वयात पहिल्या काही आठवड्यांत बेचैनी किंवा आत्महत्येचे विचार वाढतात का, याकडे डॉक्टर लक्ष ठेवायला सांगतात. ती लवकरची फेरतपासणी जरूर लिहा.

गोळीइतकीच महत्त्वाची ईआरपी ही थेरपी, म्हणजे भीतीला पायरीपायरीनं सामोरं जायचं आणि धुण्यासारखी कृती करायची नाही. भीतीची शिडी करतात आणि प्रत्येक पायरीला 0 ते 100 आकडा देतात. ऋतुजाची अशी असू शकेल: खोलीच्या दाराची कडी धरून हात न धुणं 30, नळाची चावी 60, बाथरूमची बादली उचलून तशाच हातानं डबा खाणं 90. खालून सुरुवात, रोज सराव, साधारण 12 ते 20 सत्रं. बिघडतं कुठं? हात धुवायचा थांबतो, पण मनातल्या मनात मोजणी चालू राहते. किंवा आई फोनवर "काही नाही लागलं गं" म्हणून धीर देते. तो धीरसुद्धा आजाराला खतपाणी घालतो. उत्तर न देता फोनवर थांबायला शिकणारी आई हे तुमचं सर्वांत कठीण आणि सर्वांत चांगलं प्रकरण होऊ शकेल.

कलम आणि कथा:
भरतीचा प्रसंग काढा. ओसीडीचे बहुतेक रुग्ण ओपीडीतच उपचार घेतात. तुमच्या मुलीसाठी लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा मनोविकार विभाग पुरे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंतही जायची गरज नाही. सर तिला परस्पर नेऊ शकत नाहीत, ती अठराच्या आत आहे, उपचाराला पालकांची संमती लागते. म्हणजे वडिलांना सोयाबीनची काढणी सोडून यावं लागेल, आणि तो प्रवास लिहिण्यासारखा आहे.

भरती हवीच असेल तर मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017, कलम 87 बघा. अल्पवयीन रुग्णाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं. नामनिर्देशित प्रतिनिधी, बहुधा पालक, पूर्णवेळ सोबत असतो. मुलीचा प्रतिनिधी पुरुष असेल तर सोबतीला स्त्री हवीच. 72 तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय अल्पवयीनाला शॉक ट्रीटमेंट देता येत नाही. एकटी मुलगी, गजांची खोली, जबरदस्तीचा शॉक हे सिनेमातलं चित्र आहे.

पानाचा समास:
लातुरात सारखं हात धुणारी मुलगी म्हटल्यावर पहिलं भांडण पाण्याचं होणार. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर. होस्टेलच्या पोरी आधी "टाकी रिकामी करायलीस का?" असंच विचारतील, हसणं नंतर. घरी उलट: आजी म्हणेल पोरगी लई टापटीपीची, सोवळं पाळते. या कौतुकापायी आजार एक-दोन वर्षं कुणाच्या ध्यानातच येत नाही. हे आधी पेरा.

निवेदन प्रथमपुरुषी ठेवा. सक्तीची पुनरावृत्ती पूर्ण एकदाच लिहा, एखादं पान भरून, वाचक दमेपर्यंत. त्यानंतर प्रत्येक वेळी दोन ओळी बास, त्याला ते पान आठवतं.

मांजराकाठ:
खूप उपयोग झाला. आजी तिला बाबाकडे नेते, अंगारा आणि दोरा बांधते, असंही प्रकरण आहे. त्याचं काय करू?

निळी फाईल:
ठेवा, आमच्याकडे बहुतेक घरांत डॉक्टरच्या आधी तेच होतं. पण आजीला खलनायिका करू नका, ती नातीसाठी जिवाचा आटापिटा करतेय. ओसीडीच्या बाबतीत एक बारकावा बघा: दोरा बांधल्यावर पहिले काही दिवस खरंच बरं वाटू शकतं. मग "गाठ सैल झाली का?" हीच नवी तपासणी सुरू होते.

कलम आणि कथा:
बाबा मारहाण करतो असं दाखवणार असाल तर तो महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. गावात कुणाला तरी ते माहीत असू द्या. आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 छापा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.