फ्लाइंग इन्स्ट्रक्टरचा तासावर पगार आणि बाँड – सल्ला हवा

नमस्कार मंडळी. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

मी एका फ्लाइंग स्कूलमध्ये असिस्टंट इन्स्ट्रक्टर आहे. (गाव लिहीत नाही, या लाइनीत सगळे एकमेकांना ओळखतात.) २०० तास पुरे करून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) हातात आलं, पण टाइप रेटिंगसाठी (एका ठरावीक मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणासाठी) आणखी कर्ज काढायची घरची ऐपत नव्हती. स्कूलने इन्स्ट्रक्टर रेटिंग करून दिलं, बदल्यात दोन वर्षांचा बाँड. त्यातलं एक वर्ष झालंय.

पगार १५ हजार पक्का, वर ताशी ८००. तास म्हणजे चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन, विमान जागेवरून हललं की परत येऊन थांबेपर्यंत. सकाळी साडेपाचला हँगरवर हजर, ब्रीफिंग, डीब्रीफिंग, विद्यार्थ्यांच्या लॉगबुकांची तपासणी, विमान वर्कशॉपमध्ये असेल तर ताटकळत बसणं, हे सगळं फुकट. जुलैत पावसामुळे ११ तास उडालो, हातात २३,८०० आले. बँकेचा हप्ता ३१ हजार.

पैशापेक्षा मला दुसरंच खातंय. समोर दृश्यमानता पाच किलोमीटर आहे की साडेचार, म्हणजे उडायचं की नाही, हे ठरवायचं मी, आणि सॉर्टी (उड्डाणाची फेरी) रद्द केली तर खिसाही माझाच कापला जाणार. परवा ढग खाली येत होते, विद्यार्थी 'सर, एक सर्किट तरी मारू' (धावपट्टीभोवती एक फेरी) म्हणाला, आणि क्षणभर माझ्या डोक्यात ८०० रुपये आले. नाही गेलो. पण रात्री झोप लागली नाही.

आता दुसऱ्या संस्थेत पक्क्या पगाराची जागा आहे. इथले म्हणतात, बाँडचे सहा लाख भर, शिवाय डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) सहा महिन्यांचा नोटीस पीरियड आहेच. तो आम्हाला लागतो का? आणि सहा लाख खरंच भरावे लागतात?

प्रतिसाद १
२०१७ चा तो नियम एअरलाइनमधल्या वैमानिकांसाठी आहे: को-पायलटला सहा महिने, कॅप्टनला वर्ष. तुमच्या नियुक्तीपत्रात जी नोटीस लिहिलीय ती बघा. बाँड मात्र हलक्यात घेऊ नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध धरलाय. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. रेटिंगवर स्कूलचा खर्च किती झाला आणि तुम्ही किती महिने भरलेत, हे मांडून घासाघीस करा. राजीनाम्याआधी तुमच्या लॉगबुकवर सीएफआयची (मुख्य इन्स्ट्रक्टरची) सही घेऊन ठेवा, नंतर फार हेलपाटे घालावे लागतात. आणि हो, सही करताना कोरे चेक दिलेत का?

धागाकर्ता
दिलेत दादा. दोन. बाबांच्या खात्याचे.

प्रतिसाद १
मग आज राजीनामा देऊ नका. बाँडची प्रत आणि चेकचे नंबर घेऊन आधी वकिलाकडे जा, बाबांनाही सोबत न्या.