उंबरठ्यावर थिजणारी पावले जिन्यावर का अडत नाहीत?

चादरवाल्यांची लेक:
माझ्या वडिलांनी, आप्पांनी, सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यात यंत्रमागावर ३८ वर्षे चादरी विणल्या. पाच वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे (पार्किन्सन) निदान झाले. गेल्या वर्षापासून स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी आले की त्यांचे पाय फरशीला चिकटल्यासारखे थिजतात, पुढे वाकलेले शरीर तोल सांभाळत राहते आणि पाऊल मात्र उचलत नाही. तेच आप्पा गच्चीचा चौदा पायऱ्यांचा जिना कठडा धरून, मध्ये एकदाही न थांबता चढतात. त्यामुळे घरातली मंडळी त्यांच्या तोंडावर म्हणतात, "जिना चढवतो, मग घरात चालवत कसं नाही?" आप्पा त्यावर काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी नीट जेवत नाहीत. हा हट्ट नाही असे मला वाटते. पण मेंदूत नेमके काय घडते हे कोणी समजावून सांगितले, तर मला घरच्यांशी बोलता येईल.

चेतापेशी वाचक:
तुम्हाला वाटते तेच बरोबर आहे. आप्पांच्या घरात जे दिसते ते या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे.

मेंदूच्या तळाशी सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पट्टा असतो. मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जेमतेम काही लाख पेशी या पट्ट्यात डोपामीन हे संदेशवाहक रसायन तयार करतात आणि ते हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या बेसल गँग्लिया या केंद्रसमूहाला पुरवतात. कंपवातात याच पेशी मरत जातात. बेसल गँग्लियातून निघणारे दोन मार्ग महत्त्वाचे आहेत: एक हालचालीला वाट मोकळी करून देतो, दुसरा ती रोखतो. डोपामीन पहिल्याला बळ देते आणि दुसऱ्याला आवरते. ते आटले की रोखणाऱ्या मार्गाचे पारडे जड होते. २०१० मध्ये क्राविट्झ आणि क्रायट्झर यांच्या गटाने हे उंदरांमध्ये थेट दाखवले. शेवाळातील प्रकाशसंवेदी प्रथिन त्यांनी यांपैकी एकाच मार्गाच्या पेशींत उतरवले. रोखणाऱ्या मार्गावर प्रकाश टाकताच निरोगी उंदीर जागच्या जागी थिजत, तर डोपामीन नष्ट केलेल्या उंदरांमध्ये वाट मोकळी करणारा मार्ग चेतवला की ते पुन्हा चालू लागत. हालचाल सुरू होताना दोन्ही मार्ग एकाच वेळी सक्रिय होतात हे २०१३ मधील प्रयोगांत दिसले, त्यामुळे हे चित्र वाहनाच्या ब्रेकइतके सोपे नाही, एवढे लक्षात ठेवावे.

आता जिन्याचे. सपाट फरशीवर पुढचे पाऊल कधी आणि किती लांब टाकायचे हे मेंदूला आतूनच ठरवावे लागते, आणि हे काम बेसल गँग्लियावर फार अवलंबून असते. पायरी मात्र ते बाहेरून सांगते. डोळ्यांना दिसणाऱ्या कडेनुसार पाऊल टाकताना लहान मेंदू आणि मेंदूच्या बाह्यस्तराचे इतर भाग पुढाकार घेतात, आणि हा मार्ग बराचसा शाबूत असतो, असे मानले जाते. अरुंद दार, वळण किंवा चालताचालता बोलणे यांनी थिजणे वाढते, म्हणून उंबरठ्यावर अडचण येते. ब्रिटिश चेतातज्ज्ञ पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्येच नोंदवले होते की चालण्याच्या दिशेला आडव्या आखलेल्या रेषा असल्या की असे रुग्ण त्या ओलांडत चालू लागतात. २०१० मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांनी तर असा रुग्ण नोंदवला, की ज्याला काही पावले टाकणेही जमत नव्हते, पण तो सायकल सफाईने चालवत असे. त्याच्याविषयीही कोणी हट्टाचा आरोप करू शकले असते.

कंपवाताच्या घरातला:
माझ्या आईसाठी आम्ही स्वयंपाकघराच्या दारापाशी एकेका पावलाच्या अंतरावर पिवळ्या रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या, आणि मी तालात "एक, दोन" म्हणत राहतो. तालाचाही उपयोग होतो. आप्पांनी आयुष्य मागाच्या खटखटीत काढले आहे, तेव्हा हे जरूर करून पाहावे. थिजल्यावर हात धरून ओढू नये, तोल जातो. शेजारच्या एका वैद्यांनी खाजकुइलीच्या बियांचे चूर्णही सुचवले आहे. ते द्यावे का?

चेतापेशी वाचक:
चूर्ण डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्या बियांत लेवोडोपा, म्हणजे मेंदूत ज्यापासून डोपामीन बनते ते कंपवातावरचे मुख्य औषध, खरोखरच असतो. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो त्यांतून वेगळा केला होता. म्हणूनच काळजी हवी, कारण चूर्णात त्याचे प्रमाण किती हे कळत नाही आणि चालू गोळ्यांमधील लेवोडोपात त्याची भर पडते. या औषधाच्या इतिहासात आपल्याकडचे आणखी एक झाड आहे. सर्पगंधेपासून मिळणाऱ्या रेझर्पिनने निश्चल झालेल्या प्राण्यांना लेवोडोपा दिल्यावर ते पुन्हा हालचाल करू लागले, हे स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवले. १९६० मध्ये व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकेविच यांना कंपवाताने मरण पावलेल्यांच्या मेंदूत डोपामीनची मोठी तूट आढळली, आणि त्यातून आजचे उपचार उभे राहिले. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

मूळ प्रश्नासाठी: थिजण्याच्या वेळा आठवडाभर लिहून ठेवा. गोळीचा असर ओसरल्यावर ते वाढत असेल, तर डॉक्टरांना मात्रेच्या वेळा बदलता येतात. डाळ, अंडी, दूध यांचे मोठे जेवण गोळीसोबत घेतल्यास त्यातील अमिनो आम्ले लेवोडोपाच्या शोषणाशी स्पर्धा करतात, तेव्हा जेवणाची वेळही त्याच वहीत लिहा. गोळी मात्र आपणहून कधीही बंद करू नका.

चादरवाल्यांची लेक:
दोघांचेही मनापासून आभार. काल पट्ट्या चिकटवल्या. पहिल्यांदा आप्पा त्यांच्याकडे बघत उभे राहिले, मग मी ताल धरल्यावर एकेक ओलांडत थेट ओट्यापर्यंत गेले. न्हाणीघरात वळताना मात्र ते अजून अडतात. गेल्या तीन दिवसांच्या नोंदींत सकाळच्या गोळीआधी थिजणे जास्त आहे, आणि काकांनी आज स्वतः वेळ लिहून दिली आहे. पुढच्या सोमवारी डॉक्टरांना वही दाखवणार आहे.