मदत हवी आहे: पारधी तरुणाचं नाव हिस्ट्रीशीटमधून (पोलिसांच्या सराईत गुन्हेगारांच्या नोंदवहीतून) कसं वगळायचं?
वस्तीवरच्या या मुलावर एकही गुन्हा दाखल नाही. तरी आसपास घरफोडी झाली की पहाटे त्यालाच उचलतात, बोटांचे ठसे घेतात, संध्याकाळी नोंद न करता सोडतात. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय अजून जन्मावरूनच! दुर्बल समाजातल्या निरपराधांच्या अशा नोंदी यांत्रिकपणे करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बजावलंय.

नाव वगळण्याच्या अर्जाची पोलीस ठाण्याने पोच दिली नाही. माहिती अधिकारात ‘तपासाला बाधा’ म्हणून नकार आला, अपील केलंय. खासगी वकील परवडत नाही, आणि घरचे घाबरलेत, म्हणून पेपरात द्यायचं नाही.

आधी पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करायचा की थेट उच्च न्यायालयात रिट याचिका? मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणामार्फत कुणी असं नाव वगळून घेतलंय का?