सागवानी बाक: तेल कधी आणि कुठे लावायचं

बाहेरच्या सागवानी बाकाला काय लावावं, या चर्चेत कुणी म्हटलं की वार्निशपेक्षा डबल बॉइल्ड (लवकर वाळावं म्हणून प्रक्रिया केलेलं) जवसाचं तेल बरं. हे पटलं. जळगाव-भुसावळकडच्या मे महिन्यात लाकूड आकसतं, वार्निशच्या थराला बारीक चिरा जातात, पहिल्याच पावसाचं पाणी आत शिरून अडकतं आणि पापुद्रे सुटतात. पण ‘भर उन्हात लावा, लवकर मुरतं’ हा त्याच चर्चेतला सल्ला कृपया पाळू नका. तापलेल्या लाकडावर तेल मुरण्याआधीच चिकट होतं, वर धूळ बसते ती वेगळीच. सकाळी, सावलीत लावा. पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. 20 मिनिटांनी वर राहिलेलं तेल पुसून काढायचंच. दुसरा हात दुसऱ्या दिवशी.

पायांच्या तळांचा विषय कुणी काढलाच नाही, खरं तर बाक कुजायला तिथूनच सुरुवात होते. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, ओल सरळ वर चढते. बाक उलटा करून तळ तेल पिणं थांबवेपर्यंत पाजत राहा, मग रबरी बूच बसवा. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका! हे तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडली की चिंधी आपोआप पेटते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर धोका जास्तच. चिंध्या लगेच पाण्यात बुडवा.