मदत हवी आहे: काउंटीच्या आर्थिक विकासाच्या बैठकीत छोट्या व्यावसायिकांच्या वतीने नेमकं काय मागू?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत, व्हर्जिनियात लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) राहते. स्टर्लिंगला गेली नऊ वर्षं माझं स्वयंपाकघर आहे. रोजचे डबे, पोळ्या, सणावाराला पुरणपोळी, दिवाळीत फराळ. मला धरून पाच जणी आहोत. पुढच्या महिन्यात काउंटीचे आर्थिक विकासाचे अधिकारी, दोन सुपरवायझर (म्हणजे इथले निवडून आलेले प्रतिनिधी, एकूण नऊ असतात) आणि स्थानिक व्यावसायिक यांची बैठक आहे. येत्या पाच वर्षांत काउंटीने कोणत्या धंद्यांना जागा आणि बळ द्यायचं, हा विषय. आमच्या आवारातल्या गाळेवाल्यांनी मला पुढे केलंय. आधी एक पानाचं टिपण द्यायचं आणि मग तीन मिनिटं बोलायचं. काय मागावं, इथेच गाडी अडलीये.

इथली परिस्थिती सांगते. अ‍ॅशबर्न आणि आसपास डेटा सेंटर (सर्व्हर ठेवायच्या अवाढव्य इमारती) जितकी दाटीवाटीने आहेत तितकी जगात कुठेच नाहीत. त्यांचा काउंटीला फायदा होतो, हे मी मोकळेपणाने मान्य करते. संगणक-यंत्रांच्या दर १०० डॉलर किमतीवर ४.१५ डॉलर कर मिळतो (२०२५ चा दर), आणि सर्व्हर दर काही वर्षांनी नवे येतच राहतात. घरांच्या मालमत्ताकराचा दर २०१२ मध्ये १०० डॉलरला १.२३५ होता, तो २०२५ मध्ये ०.८०५ वर आला, त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे. माझी मुलं ज्या शाळेत जातात तिलाही हाच पैसा मिळतो.

पण जमीन काही वाढत नाही. आमच्यासारख्यांना लागतात त्या इथल्या 'फ्लेक्स' इमारती, पुढे छोटं ऑफिस आणि मागे शटर. सुतार, गॅरेजवाले, फरशीवाले, केटरर, सगळे त्यातच. नेमकी तीच जागा डेटा सेंटरलाही सोयीची पडते, आणि त्यांच्या भावापुढे आमचं भाडं कुठे पुरणार?

ऑगस्टमध्ये गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी मोदकांची उकड मळत होते. हात पिठाने माखलेले, म्हणून शेजारच्या फरशीवाल्याला (मूळचा एल साल्वाडोरचा, अतिशय भला माणूस) जागामालकाकडून आलेलं पाकीट फोडून वाचायला सांगितलं. मालक जागा विकणार आहे, मार्चअखेर करार संपला की वाढवणार नाही. त्याने ते दोनदा वाचलं. मग खिशातून स्वतःला आलेलं तसंच पाकीट काढून माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं. तो सकाळपासून ते घेऊन फिरत होता.

नवी जागा बघतेय, भाडं जवळपास दुप्पट सांगतात. शिवाय धुराडं, ग्रीज ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी), जमिनीखालचे पाइप यांत मी ६८ हजार डॉलर घातले आहेत, ते काही उचलून नेता येत नाही.

एक आशेची गोष्ट आहे. मार्च २०२५ पासून नव्या डेटा सेंटरला थेट हक्काने परवानगी मिळत नाही, विशेष परवानगी घ्यावी लागते आणि जाहीर सुनावणी होते. म्हणजे आपलं म्हणणं मांडायला जागा आहे. पण मांडायचं काय? भाड्यावर मर्यादा? स्थलांतराला मदत? फ्लेक्स इमारती राखून ठेवणं? माझ्या वडिलांचं कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत लेथचं वर्कशॉप होतं. प्लॉट ९५ वर्षांच्या करारावर, त्यामुळे जागा जाईल ही भीती घरात कधी ऐकलीच नाही. इथे तसं काही शक्य आहे का?

काउंटी किंवा शहराच्या अशा समितीवर कुणी काम केलं असेल तर कृपया सांगा. घाई आहे.

– स्टर्लिंगकर

पोटोमॅककाठ:
ताई, मी शेजारच्या काउंटीत अशा समितीवर चार वर्षं होतो. भाड्यावर मर्यादा अजिबात मागू नका. व्हर्जिनियात डिलन नियम चालतो, राज्याने दिले तेवढेच अधिकार काउंटीला. ते माना डोलावतील आणि तुमची तीन मिनिटं वाया जातील. जमिनीचा वापर ठरवणं, परवाने, काउंटीच्या स्वतःच्या इमारती, हे मात्र त्यांच्या हातात आहे. तेव्हा असं मागा: चालू धंदे असलेल्या जागेवर विशेष परवानगीचा अर्ज आला, तर किती धंदे आणि किती नोकऱ्या उठणार हे काउंटीच्या कर्मचाऱ्यांच्या अहवालात लिहिलंच पाहिजे. एकदा कागदावर आलं की मत देणाऱ्याला त्याकडे डोळेझाक करता येत नाही.

पैसे मागणार असाल तर वेळ बघा. त्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, अंदाजपत्रक एप्रिलमध्ये मंजूर होतं. हिवाळ्याआधी मागणी पोचायला हवी. आणि माझाही गाळा जातोय, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका. नंतर दुसऱ्या कुणी काढलं तर बाकीच्या म्हणण्याचं वजन जातं.

शिरोलीकर:
आमच्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली उद्योग मित्र समितीची बैठक होते. पंधरा वर्षं जातोय. नुसतं गाऱ्हाणं मांडणाऱ्याला चहा मिळतो, तक्ता आणणाऱ्याला तारीख मिळते. गाळा, धंदा, माणसं किती, किती वर्षं, क्षेत्रफळ, एवढं एका कागदावर आणा. दुसरं, आपल्याकडे लघुउद्योगांच्या क्लस्टर योजनेत सामायिक सुविधा केंद्र असतं, महागडी यंत्रं एकदाच बसवायची आणि सगळ्यांनी वापरायची. तुमच्यासाठी ते म्हणजे काउंटीच्या इमारतीत एक परवानाधारक स्वयंपाकघर. ९५ वर्षांचा करार तिथे कोण देणार, पण ही मागणी होण्यासारखी वाटते.

स्टर्लिंगकर:
दोघांचेही मनापासून आभार. काल वही घेऊन गाळोगाळी फिरले. १४ गाळे, ११ जणांनी माहिती दिली, त्यांच्याकडे मिळून ६३ माणसं कामाला. सगळं आवार सुमारे ४० हजार चौरस फूट. घरी येऊन राज्य विधिमंडळाच्या लेखापरीक्षण आयोगाचा डिसेंबर २०२४ चा अहवाल पुन्हा उघडला. अडीच लाख चौरस फुटांच्या डेटा सेंटरमध्ये बांधकाम संपल्यावर साधारण ५० माणसं, त्यातली निम्मी कंत्राटी. कराच्या बाबतीत आम्ही त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मी तिथे स्वतःच सांगणार आहे. पण ही ६३ माणसं आजवर कुठल्याच तक्त्यात नव्हती.

गॅरेजवाला नाव द्यायला कचरतोय, मालकाने आधीच बाहेर काढलं तर म्हणून. नावं न देता टिपण चालेल का?

पोटोमॅककाठ:
नावं देऊच नका. काउंटीच्या हातात गेलेला कागद व्हर्जिनियाचा कुणीही नागरिक मागू शकतो. गाळ्यांना क्रमांक द्या. मूळ वही तुमच्याकडे ठेवा आणि विचारलंच तर 'मी स्वतः फिरून मोजलं' म्हणा.

स्टर्लिंगकर:
ठीक, क्रमांकच देते. टिपण रविवारी रात्री इथे टाकेन. स्वयंपाकघराची मागणी वर ठेवू की अहवालातल्या नोंदीची, तेवढं वाचून सांगा.